गळ्यातली थोरली

सर वाचत होते आणि मला एकाएकी कळलं, हे माझ्या मायच्या गळ्याबद्दल चाललंय. मुंबईची युनिव्हर्सिटी, समाजशास्त्राचा तास, दुपार. वर पंखा कुरकुरत होता. सरांच्या हातात कुणा साहेबानं लिहिलेलं जुनं सरकारी पुस्तक होतं, पानं पिवळी झालेली. त्यात वऱ्हाडातले कुणबी होते. पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीची चांदीची छोटी पुतळी बांधतात. नवं लुगडं आधी त्या पुतळीला लावतात, मग नेसतात. सणाचा घास आधी तिला. कारण काय, तर मेलेल्या बायकोच्या भुताची भीती. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, फळ्यावर इंग्रजीत 'भीती' लिहिलं आणि खाली रेघ मारली. खडू मोडला. पुढच्या बाकावर कोणीतरी हसलं, वाईट नव्हतं ते हसणं, लांबच्या माणसांची गंमत वाटते तसं. माझा हात माझ्या गळ्याशी गेला होता. तिथं काय असणार. सदऱ्याचं बटण. पण बोटांना ते बटण वाटेना. बोटांना चांदी लागत होती, घामानं कोमट झालेली, आणि जिभेवर ती चव आली. चांदीला चव असते हे किती जणांना माहीत असेल? मला माहीत आहे. मी तिच्यावर दात काढलेत.

म्हणजे खरंच काढलेत. माय मांडीवर घ्यायची, दूध पाजायची, आणि मी दूध सोडून ती पुतळी तोंडात धरायचो. माझे पहिले दात तिच्या तोंडावर उमटले. नाक गेलं, डोळे गेले. आता तिथं नुसता चपटा गुळगुळीत गोळा आहे, खाली नेसलेल्या लुगड्याच्या रेघा, दोन हात. आम्ही तिला थोरली म्हणायचो. माझ्या बाबांची पहिली बायको. मी जन्मायच्या आधीच गेली. पण गेली असं घरात कोणी म्हणत नसे. कारण ती होतीच, मायच्या गळ्यात, पोतीच्या काळ्या मण्यांमध्ये. शेजारचं पोरगं विचारायचं, "तुह्या माया किती?" मी म्हणायचो, "दोन. एक मोठी, एक बारकी. बारकी हाय तेच मोठी." आणि हे मला कधीही चमत्कारिक वाटलं नव्हतं. त्या दुपारपर्यंत.

सरांनी विचारलं, वऱ्हाडातलं कोणी आहे का वर्गात. मी उभा राहिलो. "मी, सर. वाशीमकडचा. रिठद." सर आनंदले. अशी पुतळी पाहिली आहे का? म्हटलं, पाहिली आहे. कोणाकडे, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तास संपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. तिथं काचेचं कपाट होतं. त्यात लाकडाचा कंगवा, शिंपल्यांची माळ, मासे धरायचा गळ, आणि प्रत्येकाखाली टाचणीनं लावलेली चिठ्ठी, कुठल्या जातीचं, कुठल्या डोंगरातलं. सर चांगले होते. हे आधी सांगायला पाहिजे. माझं इंग्रजी अडखळायचं तर ते थांबायचे, हसायचे नाहीत. म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल. एक नमुना मिळवा. त्यावर नीट लिहा. फेलोशिपसाठी एकाच विद्यार्थ्याचं नाव मला पुढे पाठवता येतं. तुमचं पाठवायला माझ्याजवळ काही कारण पाहिजे." मी कपाटाकडे पाहिलं. मधल्या खणात एक जागा रिकामी होती. बोटभर. तेवढीच ती आहे.

ती फेलोशिप मिळाली तर मी पुढं शिकणार होतो. नाही मिळाली तर फोर्टातल्या टायपिंगच्या दुकानात पूर्ण दिवस बसणार होतो, दुसऱ्यांचे करार बडवत. एवढं सरळ होतं ते. टायपिंग मी आपलं आपण शिकलो, कारंजाला, जिनिंगच्या ऑफिसात. तिथं कोपऱ्यात एक मशीन पडलं होतं, त्याची दोन अक्षरं उठत नसत. मुनीम जेवायला गेला की मी त्याच्यावर बसायचो. मॅट्रिकही असाच झालो, घरी बसून, मागून आणलेल्या पुस्तकांवर. अमरावतीला कॉलेज केलं ते अर्धं वर्गात आणि अर्धं एका वकिलाकडे मशीनवर. शिकवणारा माणूस मला फार उशिरा भेटला. त्यामुळे वर्गात बसलो की मला सगळं खरंच वाटतं, फळ्यावरचं. माझ्या खोलीतला सामंत तसा नाही. तो आमच्याच वर्गात होता, पण डोळे बाहेर. त्याला एका गिरणीत लेबर ऑफिसरची जागा मिळत होती. मालक आणि कामगारांच्या मधे बसायचं, कोण कोणावर का चिडलंय ते ऐकायचं. तो म्हणायचा, "अरे, आता लढाई संपली, उद्या स्वराज्य येईल, मग बघ. प्रत्येक कारखान्याला आपल्यासारखा माणूस लागेल. सरकारला चाळीचाळीत फिरून विचारणारे लागतील, काय खाता, कुठं झोपता, गावी काय पाठवता. कॉलेजात शिकवणारे लागतील. वकील काय, ढिगानं आहेत." मला ते विचारत फिरणं आवडायचं. कोणाच्या तरी दारात उभं राहून, तुम्ही असं का करता बरं, असं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. त्याचा पगार मिळतो हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं, लोक थट्टा करतात.

गाडीत रात्रभर बसून आलो. अकोल्याला उतरलो. तिथून मोटर, वाशीमपर्यंत, अंगात धूळ आणि पेट्रोलचा वास. वाशीमहून रिसोडच्या रस्त्याला एक ओळखीची बंडी मिळाली. दोन्ही बाजूला पऱ्हाटी फुटलेली, बाया ओटीत कापूस वेचत होत्या. बैलांच्या घुंगरांत मी तीच तीच वाक्यं बोलून पाहत होतो. माय, ती पुतळी दे. माय, थोडे दिवस दे. माय, माझ्या शिक्षणासाठी पाहिजे. कुठल्याही वाक्यात 'पुतळी' आलं की ते खोटं वाटायचं, कारण आम्ही तिला कधी पुतळी म्हटलंच नव्हतं. थोरली दे, म्हटलं की आणखी वाईट. कोणी माणूस मागतं का असं? बंडीवाला जानराव, आमच्याच गावचा. त्यानं मागं वळून विचारलं, "काय वकीलसाहेब, तब्येत बरी नाही काय? मनातल्या मनात कोनाशी भांडून राह्यले?" गावात मी वकील होतो. बाबांनीच सांगितलं होतं सगळ्यांना. पोट्टा मुंबईले काय शिकते, असं कोणीतरी चारचौघांत विचारलं, बाबांना 'समाजशास्त्र' आठवलं नाही, आठवलं असतं तरी पुढं काय सांगणार, म्हणून म्हणाले वकिली. मग तेच पक्कं झालं. जानराव म्हणाला, "आमच्या बांधाचा दावा तुमीच लढसान. दुसऱ्याले देत नाही मी." मी म्हटलं, "हो जी." काय म्हणणार.

माय अंगणात होती. पहिल्यांदा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. गळ्याकडे पाहिलं. हे मी करतोय हे मला कळलं आणि लाज वाटली, पण नजर हटेना. पुस्तकानं माझी नजर बदलून टाकली होती. काळे मणी, त्यात ती, लुगड्याच्या पदराआड अर्धी. एक नमुना. मग मायनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि ती वाकली तशी थोरली पुढं लोंबून माझ्या छातीला लागली. कोमट. नमुना वगैरे काही राहिलं नाही, निदान तेवढा वेळ.

दिवाळीच्या सकाळी मायनं नवं लुगडं काढलं, हिरवं, वाशीमच्या बाजारातलं. घडी मोडली नाही. आधी पदराचा कोपरा घेतला, गळ्याशी नेला, पुतळीवरून फिरवला. "घे. आधी तू नेस," असं बोलली, जसं शेजारच्या बाईला बोलावं, घाईघाईत, चुलीवर तेल तापत असताना. हे मी लहानपणापासून पाहिलंय. पण त्या दिवशी मी दाराच्या चौकटीला टेकून पाहत होतो आणि डोक्यात तो खडू वाजत होता, भीती, भीती, खाली रेघ. मी तिचे डोळे पाहत होतो, हात पाहत होतो. कुठं आहे ती? हात थरथरत नव्हते. फराळाचा पहिला अनारसा तिनं मोडला, कण पुतळीच्या तोंडाला लावला, म्हणजे जिथं तोंड होतं तिथं, आणि तो कण स्वतःच खाल्ला. मला विचारलं, "काय पाहून राह्यला रे असा? पाहुन्यावानी."

मग मी सांगून टाकलं. सगळं. सर, पुस्तक, कपाट, फेलोशिप. माय अनारसे तळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुह्या मास्तरले कायले पाह्यजे थोरली? त्याची बायको मेली काय?"

"नाही माय. त्यायले कपाटात ठेवाची हाय. लोकं पाहतीन."

"कपाटात? अन जेवाले कोन घालन?"

"तिथं कोनी जेवत नाही."

"मंग कसं घर ते." तिनं अनारसा झाऱ्यावर निथळत धरला. बराच वेळ. मला वाटलं आता रडेल, किंवा ओरडेल. तिनं तसलं काही केलं नाही. डोळे बारीक केले, ती भाव करताना करते तसे. "काहून रे, त्या मास्तरनं थोरलीले पाह्यलं हाय काय कधी?"

"नाही."

"मंग दुसरी करून घे न बाप्पा! वाशीमले पुंजाजी सोनार हाय. हिले त्यानंच घडवलं. मुंबईवाल्याले काय समजते, कोनती खरी अन कोनती नवी." आणि हसली. इतकी हसली की पुतळी तिच्या छातीवर नाचायला लागली. मलाही हसू आलं. माझं सगळं शिक्षण, कपाट, रिकामा खण, आणि माझ्या मायनं एका झाऱ्यात त्याचा निकाल लावून टाकला. मी त्या दिवशी पोटभर खाल्लं. मला खरंच वाटलं, सुटलो.

वाशीमला बालाजीच्या देवळामागं पुंजाजीचं दुकान. दुकान म्हणजे ओटा, शेगडी, फुंकणी, आणि पितळेचा छोटा तराजू. पुंजाजी म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी म्हटलं, चांदीची पुतळी करायची आहे, बाईची, गळ्यात घालायची असते तशी. त्यानं फुंकणी खाली ठेवली. तोंड कसनुसं केलं.

"अरेरे. घरधनीन गेली काय तुमची? कई झालतं लगीन?"

"नाही जी. माझं लग्नच नाही झालं अजून."

"मंग? बिनबायकोची सवत करता काय?" त्यानं पलीकडच्या कासाराला हाक मारली, "ऐकलं काय हो! ह्यायचं लगीन नाही अन सवत आधीच पाह्यजे!" कासार हसला. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हटलं, आमच्या घरी तुम्हीच घडवलेली एक आहे, तिच्यासारखीच हवी, एका प्रोफेसरला दाखवायची आहे, मुंबईला. पुंजाजी म्हणाला, बरं, करून देतो, उद्या या. चांदी वितळवायची मूस काढली. मग सहज विचारावं तसं म्हणाला, "नाव सांगा बाईचं."

"कोणाचं?"

"जिची करतो तिचं. माहा बा पहिली हातोडी नाव घेऊन मारे. मीबी मारतो. आमच्या घरची रीत हाय ती, दुसऱ्या सोनाराची मले नाही मालूम. बिननावाची केली, अन भलतीच कोनी येऊन बसली तिच्यात, मंग?"

"अहो, ती मुंबईत कपाटात राहणार आहे. रिकाम्या."

"मंग तं पक्कीच येईन. रिकामं घर पाहून." तो थट्टेत बोलत होता की खरं, कळेना. फूल पडलेल्या डोळ्यात काही दिसत नाही. "जुन्या पुतळीचीच दुसरी करा म्हनता ना? मंग जुनीचं नाव सांगा. मीच घडवली होती म्हनता, पन किती घडवल्या मी, कुठं ध्यानात राहते."

मी तोंड उघडलं. थोरली, म्हणणार होतो. ते नाव नव्हतं. काहीही सांगता आलं असतं, तुळसा, रुखमा, त्याला काय कळणार होतं. जिभेवर आलंही होतं एक. पण तिथं त्या ओट्यावर, शेगडीच्या उबेत, पुन्हा ती चव आली तोंडात, चांदीची. आणि मला वाटलं, जिचं नाक-डोळे मी खाल्ले, तिला नावही दुसरीचं लावायचं? मला कितीतरी जमातींची लग्नं पाठ होती. कोण कोणाला हुंडा देतं, कोण कोणाचं नाव घेत नाही, मामाची मुलगी कुठं चालते आणि कुठं चालत नाही. परीक्षेत मी ते सगळं लिहिलं होतं. आणि मी जिला जन्मभर आई म्हटलं तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. ते लपवलेलंही नव्हतं कोणी. कोणाला सांगायचं सुचलं नाही, मला विचारायचं सुचलं नाही. एवढंच. पुंजाजी म्हणाला, "इचारून या घरी. मी काही जात नाही कुठी. चहा घेता?" मी चहा घेतला. त्यात आलं होतं. घसा पोळला.

परत येताना मी बंडीत न बसता पायी चाललो, बराचसा रस्ता. मला आनंद होत होता आणि तो का होतोय ते कळत नव्हतं. काम तर झालं नव्हतं. पण इतके दिवस मी दुसऱ्यांचे प्रश्न टाइप करत होतो. पुस्तकात असायचे ते प्रश्न, सरांचे, साहेबांचे. हा माझा होता. कोणत्याही कपाटात त्याला जागा नव्हती. बांधावरच्या बाभळीखाली थांबून मी तो मोठ्यानं बोलून पाहिला. "तिचं नाव काय होतं?" एक बैल मान वर करून बघत राहिला.

मायला विचारलं. ती सुपात ज्वारी पाखडत होती. "मी कसं घेऊ रे तिचं नाव? मोठी हाय ती."

"पन तुले माहीत हाय ना?"

"हाय तं. लगन होऊन आली तवा सारं गाव मले तेच सांगे. थोरली अशी होती, थोरली तशी होती, तिच्या भाकरी कशा पातळ. मी रडो. तुह्या बाबानं मात्र एक डाव नाही काढली तिची गोष्ट. नाव तं दूरच."

मी सुपातल्या दाण्यांकडे पाहत विचारलं, "माय, तुले भीती वाटते काय तिची?"

तिनं सूप थांबवलं. प्रश्न तिला नवा नव्हता, असं वाटलं. कोणी विचारला नव्हता एवढंच. "वाटे. आधी लय वाटे. नवी होती मी. झोपताना हिले हातात धरून झोपो, म्हनो काही करू नको बाई. मंग तू झाला. तू हिचं तोंड चावून चावून खाल्लं, नाक खाल्लं, डोळे खाल्ले. मी रोज वाट पाहो, आता कोपते, आता पोराले ताप येते. काही नाही. तू गुबगुबीत. मंग मीनं समजलं, बाई भली हाय. पोराचे लाड करते." सूप पुन्हा हलायला लागलं. "तवापासून आमी दोघी बोलतो. तुह्या बाबाची चुगली कोनापाशी करू मंग मी?"

मी तिथून उठलो आणि कोठ्याच्या मागं जाऊन उभा राहिलो, ढोरांच्या वासात. फळ्यावरचा तो शब्द खोटा नव्हता. तो खराच होता, आमच्या घरात, सुरुवातीला. मग एक पोरगं आलं, दात घेऊन, आणि तो शब्द झिजला. पुस्तकवाला साहेब तशाच सुरुवातीच्या दिवसांत येऊन गेला असेल कोणाच्यातरी घरी. थोडा थांबला असता तर. मला हे कोणालातरी लगेच सांगायचं होतं. सामंतला, सरांना, जानरावाला. बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली, मशीनवर चालतात तशी, ठकठक, थांबून, परत ठकठक.

सरांचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मनातून जाईल. सुट्टी संपल्यावर मी त्यांच्या टेबलावर टाइप केलेले कागद ठेवले. त्यांनी कागदांच्या बाजूला पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. "नमुना?" मी म्हटलं, "नाही आणला, सर. आणला असता तर नकलीच आणला असता." आणि झाऱ्यापासून पुंजाजीपर्यंत सगळं सांगितलं. कोणाचा गळा, तेही सांगितलं. त्यांनी कागद उचलले. मग वाचायला लागले, तिथंच, मी उभा असताना. मधे एकदा चष्मा पुसला. म्हणाले, "हे एकच घर आहे. एका घरावरून काही म्हणता येत नाही." मी म्हटलं, "नाही येत, सर. म्हणून परत जायचंय. मानोऱ्याकडं, कारंजाकडं, घराघरात." तेव्हा ते हसले. "आणि काय विचाराल?" मी म्हटलं, "आधी नाव." त्यांनी पेन उघडलं. "पाठवतो मी तुमचं. होईलच असं नाही." नसेल होत, तरी मला वाटलं झालं. टायपिंगच्या दुकानात मी अजून बसतो, दुपारनंतर. कपाटातली ती जागा अजून रिकामी आहे. जाता-येता मला ती दिसते आणि बरं वाटतं.

पण खरं जे झालं ते रिठदच्या आमच्या अंगणात झालं, मी निघायच्या आदल्या सकाळी. बाबा अंबाडीचा दोर वळत होते. दोर वळायला दोन माणसं लागतात, आणि मधे एक तंतू पुरवणारं. मी एका टोकाला बसून लाकडाचा आकडा फिरवायचा. बाबा दुसऱ्या टोकाला, दोर ताणून धरून, एकेक पाऊल मागं मागं जायचे. माय मधे बसून भिजवलेली अंबाडी हातात देत होती. सुरुवातीला बाबा माझ्यापासून हातभरावर असतात. मग दोर वाढतो तसे ते लांब जातात. लहानपणापासून मला हे काम आवडतं, कारण त्यात बाबा माझ्याकडे तोंड करून असतात. एरवी नसतात. कमी बोलणारा माणूस. मारोतराव म्हणजे मुका, असं गावात म्हणतात.

ते जवळ होते तेव्हाच मी म्हटलं, "बाबा, मी वकिली नाही शिकत."

"मालूम हाय. वकील लोकं घरात एवढं नाही इचारत. बाहेरच इचारतात, पैसे घेऊन." आकडा फिरत होता. "मंग काय शिकून राह्यला तू?"

"मानसं कशी राह्यतात. काहून तशीच राह्यतात."

"ते तं इथंबी दिसते."

"दिसते. पन कोनी इचारत नाही."

ते एक पाऊल मागं गेले. "ह्याची नोकरी लागते काय?"

"लागते. गिरनीत लागते, सरकारात लागते. शाळा-कॉलेजात लागते. इचारायचीच नोकरी."

"अजब हाय," बाबा म्हणाले. आणखी एक पाऊल. मला वाटलं आता लांब जातील, मग राहून जाईल. घाईत म्हटलं, "बाबा, थोरलीचं नाव मले मालूम नाही. मायले घेता येत नाही. तुमी नाही सांगतलं तं मंग ते कोनालेच मालूम नाही राहनार." आकडा माझ्या हातात थांबला. दोर सैल पडला. बाबांनी तो झटका देऊन ताणला, म्हणजे फिरव. मी फिरवला. ते मागं मागं जात राहिले. तुळशीपाशी, मग बंडीपाशी, मग कडुनिंबाच्या सावलीत. दोरात पीळ चढत होता, माझ्या हातातून तो त्यांच्या हातात जात होता, मला ते कळत होतं, आकडा थरथरायचा तिकडून. मायनं अंबाडी देणं थांबवलं नव्हतं पण तिची मान खाली होती. आमच्यातला दोर आता अंगणाएवढा झाला होता. बाबा पार फाटकापर्यंत पोचले, पाठ रस्त्याला. तिथून काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं.

"गोजरा!" बाबा ओरडले.

पलीकडच्या वावरात वेचणाऱ्या बायांनी मान वर केली. कावळा उडाला. मी आकडा धरून बसलो होतो, तो हलत नव्हता. बाबांचा आवाज मला अनोळखी वाटला, तरणा. ते पुन्हा म्हणाले, आता तेवढ्या जोरानं नाही, पण आलं ऐकू. "गोजरा म्हनत तिले. मी नाही म्हनलं कधी. दोन साल घरात होती. मी आपलं ऐकते काय, ऐकते काय, एवढंच म्हनो. नावानं एक डाव बी नाही बोलावलं." ते दोर धरून उभे होते, दोन्ही हातांनी, छातीशी. सोडला असता तर सगळा पीळ उलगडला असता. त्यांनी सोडला नाही.

माय मधे बसली होती, दोराखाली, अंबाडीनं ओले झालेले हात. तिनं ते हात लुगड्याला पुसले, हिरव्या, नव्या. मग गळ्यातल्या मण्यांतून थोरलीला दोन बोटांत वर धरलं, त्या गुळगुळीत तोंडाजवळ आपलं तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "ऐकलं काय वो बाई? बोलावून राह्यले तुले."